आधी पोत्यात नाक घाल

अगं, काल फोनवर तू घाईत होतीस, मागे पोरं ओरडत होती, म्हणून मी फार बोलले नाही. आता निवांत लिहिते. तुझं दुखणं मला असं कळलं: मासे मरत नाहीत, पण वाढतही नाहीत. रोहू-कटला बरे आहेत, सायप्रिनस मात्र पाठीत बारीक दिसायला लागलेत. डोकं मोठं, धड सुकलेलं. वजन बघायला जाळं ओढलं की दुसऱ्या दिवशी काही मेलेले वर येतात. दुकानदाराने एक बाटली दिली, ती पाण्यात ओतली. गुण नाही म्हटल्यावर त्याने दुसरी दिली. आता तो चुना टाका म्हणतोय, आणि गटातल्या बायका म्हणतात की पाणीच खराब आहे, या तळ्याला कुणाची तरी नजर लागलीय.

नजरेचं बाजूला ठेव. पाण्याचंही जरा थांबव. खाद्याच्या खोलीत जा, पोत्याचं तोंड उघड आणि आत नाक घाल. कुणी हसलं तर हसू दे.

वास कसा घ्यायचा तेही सांगते, कारण नुसतं हुंगून फसायला होतं. माशांच्या खाद्याला वास असतोच. त्यात मासळीची पूड असते, त्यामुळे सुकटीसारखा, बोंबलासारखा वास आला तर तो चांगलाच समज. आपल्याला हवाय तो दुसरा वास. मूठभर गोळ्या स्टीलच्या पेल्यात घे, वर गरम पाणी ओत, पाच मिनिटं ताटली झाक. मग ताटली काढून लगेच हुंग. दिवाळीची चकली डब्याच्या तळाशी शिमग्यापर्यंत राहिली की जो वास नाकात चढतो आणि घशात खरखरतो, तोच आला तर पोतं खवट झालंय. कोंड्याचं आणि पेंडीचंही असंच बघ. कोंडा हातावर चोळून जिभेच्या टोकाला लाव. कडवट, टोचरा लागला की समजायचं. मात्र कुठल्याही पोत्यात हिरवी-काळी बुरशी दिसली तर ते चाखू नकोस, नाकही घालू नकोस, सरळ बाजूला काढ. बुरशीचं विष हे वेगळं प्रकरण आहे. १९६० साली अमेरिकेतल्या ट्राउट माशांच्या पैदास केंद्रांत यकृताच्या कर्करोगाची साथ आली, तिचं मूळ बुरशी लागलेल्या सरकीच्या पेंडीत सापडलं होतं. शेंगदाणा पेंडीला ही बुरशी फार लवकर धरते. आज मात्र मी खवटपणाबद्दलच बोलणार आहे, कारण तो दिसत नाही आणि म्हणून कुणी मोजत नाही.

तेल खवट होतं म्हणजे नेमकं काय होतं ते एकदा समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. काही तेलांचे रेणू नाजूक असतात. त्यांच्यात मोकळ्या जागा असतात, आणि तिथे हवेतला प्राणवायू येऊन चिकटतो. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, तो पुढच्याला. ही साखळी एकदा सुरू झाली की आपणहून थांबत नाही. शेंगदाण्याचं तेल त्या मानाने दमदार. जवसाचं तेल अतिशय नाजूक. आपल्याकडे पूर्वी दारं-खिडक्या जवसाच्या तेलातल्या रंगाने रंगवायचे ना? तो रंग वाळून कडक व्हायचा तो याच क्रियेने. पाणी उडून जाऊन नव्हे, तेल प्राणवायू पिऊन घट्ट व्हायचं. आणि सगळ्यात नाजूक म्हणजे माशाचं तेल, आपल्या किनाऱ्यावर तारलीपासून काढतात तसं. त्याचमुळे मासळीची पूड जहाजातून न्यायची तर तिची गणना धोक्याच्या मालात होते. साखळी पेटली की ढीग आतून तापतो आणि स्वतःहून आग लागू शकते. म्हणून पूड बनवतानाच तीत तेल टिकवणारं रसायन घालतात.

गंमत अशी की माशाला हेच नाजूक तेल हवं असतं. त्याच्या प्रत्येक पेशीचं आवरण अशाच मऊ चरबीचं बनलेलं असतं, कारण गार पाण्यातही ते लवचीक राहायला हवं. त्यामुळे शेळीपेक्षा, म्हशीपेक्षा मासा खवटपणाला लवकर बळी पडतो. कोंबडीचंही काही वेगळं नाही म्हणा. खवट खाद्याने पिल्लं मान वाकडी करून गोल फिरत राहतात, ते पोल्ट्रीवाल्यांना ठाऊक असतं. पण कोंबडी डोळ्यांसमोर असते. मासा पाण्याखाली.

या साखळीला अडवणारा एक पहारेकरी आहे, जीवनसत्त्व ई. तो बिघडलेल्या रेणूसमोर उभा राहतो, त्याची मस्ती उतरवतो आणि त्या भरात स्वतः खर्ची पडतो. माशाला ते शरीरात तयार करता येत नाही, खाद्यातूनच मिळावं लागतं. आता बघ काय होतं. पोत्यातलं तेल खवटायला लागलं की पोत्यातलं ई तिथेच संपतं. म्हणजे माशाच्या तोंडात जाते ती बिघडलेली चरबी, आणि तिच्याशी लढायला सोबत काहीच नाही. मग तो स्वतःच्या अंगातला साठा काढतो. तो साठाही सरला की त्याच्याच पेशींची आवरणं बिघडायला लागतात. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून कल्ले फिकट पडतात. स्नायूंचे धागे तुटतात, म्हणून पाठ सुकते. यकृतात तपकिरी-पिवळा गाळ साठतो. अ आणि क जीवनसत्त्वंही याच भानगडीत नासतात. रक्त कमी झालेल्या माशाला जाळ्यातली धावपळ सोसत नाही. तुझे मासे जाळं ओढल्यावर दुसऱ्या दिवशी का मरतात, त्याचं एक कारण हे असू शकतं.

आणि तुझा सायप्रिनसच का, याचा धागा थेट जपानात जातो. ही गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा ऐसपैस सांगते.

जपानात नागानो, गुन्मा हा एकेकाळी रेशमाचा मुलूख. घरोघरी रेशीम किडे. कोष उकळून धागा काढला की आतली अळी उरते, मेलेली आणि तेलाने भरलेली. तिथल्या लोकांनी ही अळी वाळवून कार्प माशांना, म्हणजे तुझ्या सायप्रिनसच्याच जातीला, घालायला सुरुवात केली. फुकटचं, प्रथिनांनी भरलेलं खाद्य. मासे पोसले जायचे, दिवस बरे होते. पण काही तळ्यांत एक विचित्र आजार दिसू लागला. माशाची पाठ झिजायची. कण्याच्या दोन्ही बाजूंचं मांस आटून पाठ सुरीच्या धारेसारखी व्हायची. त्याला तिथे सेकोके म्हणत. जंतू शोधले, सापडले नाहीत. पाणी तपासलं, ठीक निघालं. दोष अळीतच होता, म्हणजे अळीत नव्हे, तिच्यातल्या तेलात. रेशीम अळीच्या तेलात तोच जवसासारखा नाजूक भाग भरपूर असतो. अळ्या वाळवून महिनोन्महिने कोठारात पडून राहिल्या की ते तेल खवटायचं.

१९६६ साली हाशिमोतो, वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पक्कं करून दाखवलं. त्यांनी मुद्दाम खवट केलेलं तेल कार्प माशांना घातलं, पाठीचे स्नायू झिजले. तेच खवट तेल, पण सोबत जीवनसत्त्व ई घातलं, तर माशांचे स्नायू वाचले. पुढे सेकोके झालेल्या माशांच्या रक्तात साखर वाढलेली सापडली, म्हणजे या बिचाऱ्यांना मधुमेहच झाला होता. १९७०च्या सुमाराचा हा शोध. मासा आणि मधुमेह, ऐकायला कसं वाटतं बघ. पण जो मासा दिवसभर तळ्यात पोहतो, त्याला हा आजार आळसाने नव्हे, पोत्यातून झाला.

आपल्या भंडारा-गडचिरोली भागात कोशाचा, तसर रेशमाचा धंदा आहे. तुला कुणी कोशाच्या वाळलेल्या अळ्या स्वस्तात देतो म्हणालं, तर नाही म्हणू नकोस. खाद्य म्हणून त्या उत्तम आहेत. पण ताज्या किंवा तेल काढून टाकलेल्या असतील तरच घे. गेल्या हंगामातल्या, तेलाने चमकणाऱ्या, पिवळट झालेल्या असतील तर त्याच्याच दारात ठेव.

कॅटफिशच्या बाबतीतही हेच घडलं. १९७४ साली अमेरिकेत खवट मासळीतेल, ईचा अभाव आणि तेल टिकवणारं रसायन नसणं, हे सगळं एकत्र आलं की त्या माशांचे स्नायू, रक्त, यकृत, रंग सगळंच बिघडतं हे दाखवलं गेलं. पंगस हाही कॅटफिशच, म्हणून तो पाळणाऱ्या गटांना हे सांगून ठेव. तो काही कार्प नाही, पण चरबी मात्र अंगात भरपूर साठवतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, म्हणजे तू उगाच धसका घेणार नाहीस. थोडं खवट खाद्य एकदा पोटात गेलं म्हणून मासा मरत नाही. खाद्यात ई पुरेसं असेल तर मासे बराच खवटपणा पचवतात, असे प्रयोगही आहेत. माशाला विषापेक्षा पहारेकरी संपणं जास्त नडतं. म्हणूनच हा आजार दिसायला कित्येक आठवडे घेतो, आणि तोवर सगळेजण त्या पोत्याला विसरलेले असतात. सायप्रिनसला साधारण एक किलो खाद्यामागे १०० मिलिग्रॅम ई लागतं, आणि खाद्यातलं तेल जितकं नाजूक आणि जास्त, तितकी ही गरज वाढत जाते. टिलापियाचं तर असं की चरबी दुप्पट-तिप्पट केली की ईची गरज कित्येक पटींनी चढते. म्हणून जास्त तेलाचं खाद्य म्हणजे चांगलं खाद्य, हा दुकानदाराचा हिशेब अर्धवट आहे.

आता तुझ्या कोठीत येऊ. रागावू नकोस, पण मागच्या वेळी आले तेव्हा मी ती बघून घेतली होती.

टिनाची शेड. मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ला टेकतो तेव्हा त्या टिनाखाली काय होत असेल? ढोबळ हिशेब असा की दहा अंश गरमी वाढली की असल्या क्रियांचा वेग दुप्पट होतो. म्हणजे गार खोलीत तीन महिने टिकणारं पोतं तिथे महिनाभरात जाईल. वर तू पोती भिंतीला टेकवून थेट जमिनीवर रचलीयस, म्हणजे पावसाळ्यात खालून ओल. आणि तो गंजका ड्रम, ज्यात पेंड ठेवतेस. त्याचं तर मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. लोखंडाचा गंज आणि तांबं, दोन्ही ही साखळी पळवतात. ड्रम झाकणाचा आहे, उंदीर शिरत नाहीत, म्हणून तुला तो चांगला वाटतो. प्लास्टिकचा घे, भंगारवाल्याकडे मिळतो, पण त्यात आधी काय होतं ते विचारून घे. पोती लाकडी फळ्यांवर ठेव, भिंतीपासून हातभर लांब. शेडच्या आत छताखाली बांबूची ताटी बांध, वर पेंढा टाक. गटातल्या दोघी मिळून एका दुपारी करतील.

कोंड्याचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे गिरण्या जागोजाग, कोंडा मुबलक, आणि तोच माशाला घालायची रीत. कोंडा अर्धा, पेंड अर्धी, हे गणित आजही बरंच चालतं, आणि ते वाईटही नाही. पण कोंड्यात एक खोड आहे. तांदळाच्या दाण्यावर असेपर्यंत त्यातलं तेल आणि तेल फोडणारं पाचकद्रव्य वेगळ्या कप्प्यांत असतात. गिरणीत घासलं की दोन्ही एकत्र येतात, आणि काही तासांतच तेल फुटून आंबट व्हायला लागतं. दमट हवेत तर एका दिवसात फरक जाणवतो. हा आंबटपणा म्हणजे अजून खवटपणा नव्हे, पण फुटलेलं तेल खवटायला आणखी सोपं जातं. म्हणून गिरणीवाल्याकडून आठवड्याभरापुरताच कोंडा आणायचा आणि तो त्याच दिवशीचा मागायचा. त्याच्याकडे उकडा तांदूळ होत असेल तर त्याचा कोंडा घे. उकडताना ते पाचकद्रव्य मरतं, म्हणून तो लवकर आंबत नाही. साधा कोंडा आणलास तर मोठ्या कढईत मंद आचेवर चांगला गरम होईपर्यंत परत, थंड कर आणि मग भर. करपवू नकोस. सगळ्यात सोपं म्हणजे तेल काढलेला कोंडा. चरबी नावालाच असते, म्हणून खवटायला फार काही उरत नाही. पेंडीचंही तसंच, घाण्याच्या किंवा एक्सपेलरच्या पेंडीत सहा-आठ टक्के तेल राहतं, कारखान्यातल्या रासायनिक पद्धतीच्या पेंडीत जेमतेम एक टक्का. घाण्याची पेंड ताजी असेल तर सोनं, सहा महिन्यांची असेल तर नको. आणि जवसाची पेंड म्हशीला लागते ती तिलाच घाल, माशासाठी साठवून ठेवायला ती सगळ्यात वाईट.

किती खाद्य आणायचं याचा हिशेब कर, अंदाजाने नको. समजा तळ्यात दोन हजार मासे आहेत, सरासरी २५० ग्रॅमचे. म्हणजे ५०० किलो मासळी. रोज वजनाच्या दोन टक्के घातलं तर दहा किलो, महिन्याला ३०० किलो. बस, एका महिन्याचंच आण. दिवाळीच्या आधी दुकानदार टनभर घेतलं तर सूट देतो म्हणतो, ती सूट घेऊ नकोस. थंडी पडली की मासा खाणं कमी करतो, घालायचं प्रमाणही उतरवावं लागतं, आणि ती पोती होळीपर्यंत तशीच पडतात. मग उन्हं चढतात. सूट मिळाली म्हणून खूश झालेला प्रत्येकजण हा खर्च फाल्गुनात चुकता करतो.

आता जरा अवघड विषय. तुझा दुकानदार तुला ताई म्हणतो, उधारीवर देतो, लग्नाला बोलावतो. त्याच्याशी भांडायचं तुझ्या जिवावर येतं, मला कळतं. पण पोत्यावर तारीख असते. ती त्याच्यासमोर वाच, मोठ्याने वाच. तारीख खोडलेली किंवा शिवणीत दडलेली असेल तर पोतं परत. पोत्याच्या बाहेर तेलाचे डाग आलेत, आतल्या गोळ्या एकमेकींना चिकटल्यात, तळाला भुगा जास्त आहे, तर परत. जुनं ते आधी खपवायचं हा त्याचा धंदा आहे, त्याला दोष नाही. पण ते तुझ्याकडे खपवायचं की नाही हे तुझ्या हातात आहे. उधारी असली तरी हक्क जात नाही. मागच्या महिन्याची बाकी आहे म्हणून खवट माल घ्यायचा, हे म्हणजे दोन कर्जं एकदम डोक्यावर घेणं. गटातल्या सगळ्यांची मागणी एकत्र करून दर महिन्याला ताजी उचल ठरवलीत, तर तोही थेट कारखान्यातून मागवील. पाच गट एकत्र आले की आवाज वेगळाच निघतो.

कुणी तुला सांगेल, हॉटेलातलं तळणाचं तेल स्वस्तात मिळतं, कोंड्यात कालव, मासा लवकर भरतो. हे अजिबात करायचं नाही. कढईत दहा वेळा तापलेलं तेल म्हणजे साखळी आधीच पूर्ण पेटलेलं तेल. त्यातलं ई कधीच जळून गेलेलं असतं, आणि ते ताज्या खाद्यात घातलंस की ताज्यालाही सोबत नेतं. कोंबडीच्या दुकानातली आतडी-चरबी उन्हात ठेवून घालणं त्याहून वाईट. गोळ्यांना औषध लावायला म्हणून तेल वापरतेस ना, तेही झाकण लावलेल्या लहान बाटलीतलं ताजं वापर, आणि लावलेल्या गोळ्या त्याच दिवशी संपव.

नुसत्या वासावर भिस्त ठेवू नकोस. पुढच्या वेळी जाळं ओढशील तेव्हा तीन-चार मासे कापून बघ. धारदार सुरी, उजेड भरपूर. आधी कल्ल्याचं झाकण उचल. निरोगी कल्ले लाल भडक असतात, आजारी माशाचे फिकट गुलाबी, कधी कधी राखाडी. मग पोटाखालून चीर दे. सायप्रिनसचं यकृत एका गोळ्यात नसतं, आतड्याच्या वेटोळ्यांत विखुरलेलं असतं, म्हणून घाबरू नकोस. रंग बघ. तांबूस-तपकिरी असेल तर ठीक, फिकट पिवळा, मातीसारखा असेल किंवा यकृत हाताने दाबल्यावर कुसकरत असेल तर नोंद कर. आतली चरबी पांढरी की पिवळट-तपकिरी तेही बघ. मात्र पंगसची चरबी पिवळी दिसली म्हणून लगेच खवट म्हणू नकोस. खाद्यात मका जास्त असेल तर त्याच्या रंगानेही मांस आणि चरबी पिवळी होते, आणि ते निरुपद्रवी आहे. दोहोंत फरक असा की मक्याचा पिवळा स्वच्छ असतो, खवटपणाचा मळकट. पाठीवरून बोट फिरव. कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागायला हवं. बोटाला कणा टोचला तर मला फोन कर, रात्री बारा वाजता केलास तरी चालेल.

आणि सगळं पोत्याच्या माथी मारू नकोस. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताहेत, तर तो प्राणवायूचा प्रश्न. अंगावर लाल जखमा, चिकटलेल्या उवा, तर तो वेगळा. एका रात्रीत तळं पांढरं पडलं, तर खाद्य नव्हे, दुसरं काहीतरी. खवटपणा रेंगाळतो, लहान-मोठ्यांचा फरक वाढवतो, एकेकाला पोखरतो.

मोठे कारखाने खाद्य टिकवायला रसायनं घालतात. इथॉक्सिक्विन नावाचं त्यातलं एक फार वर्षं चालायचं, पण युरोपीय संघाने २०१७ साली त्याची परवानगी स्थगित केली. त्याचं इतकं काही नाही, तुझ्या तळ्याशी त्याचा संबंध एवढाच की रसायन घातलेलं पोतंही उघडून दोन महिने ठेवलं की संपतंच.

खवट खाद्याचा परिणाम पाण्याबाहेरही येतो. मासा जिवंत राहिला, विकला गेला, तरी त्याच्या मांसात ई कमी असतं, त्यामुळे बर्फात किंवा फ्रीजरमध्ये ते इतर माशांपेक्षा लवकर वास मारतं. तू पैसे घेऊन घरी आलीस, पण गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जातं. म्हणून फक्त तळ्याकडे बघून चालत नाही.

आता तू काय करायचं ते थोडक्यात सांगते. आजच खवट वाटणारं पोतं बाजूला काढ, म्हशीला नाही, कोंबडीला नाही, सरळ खताच्या खड्ड्यात घाल. दोन दिवस खाद्य बंद ठेवलंस तर मासा मरत नाही, घाबरू नकोस. मग ताजं, तारीख बघून आणलेलं खाद्य थोड्या प्रमाणात सुरू कर. ई घालायचं असेल तर ते ताज्या खाद्यातच घालायचं, खवट पोत्यात घालून ते पोतं शुद्ध होत नाही. आजार सुरुवातीचा असेल तर कल्ल्यांचा रंग काही आठवड्यांत परत येतो. पाठ मात्र सावकाश भरते, आणि फार सुकलेले मासे कधीच पूर्ण भरत नाहीत. ते विकून टाक, आशा धरू नकोस.

खात्री हवी असेल तर पोत्यातला नमुना बंद डबीत भरून नागपूरच्या किंवा उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयात पाठव. रत्नागिरीतल्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात पाठवायचा तर तिथे तुझी नणंद आहेच. नाहीतर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याच्या साहाय्यक आयुक्तांच्या कार्यालयात विचार, ते कुठे पाठवायचा ते सांगतील. तिथे पेरॉक्साइडचा आकडा मागशील, पण तेवढ्यावर थांबू नकोस. खवटपणा सुरू होतो तेव्हा हा आकडा चढतो, पण पुढे तेल आणखी बिघडलं की तो खाली येतो. म्हणजे अतिशय खवट तेलाचा आकडा ताज्या तेलासारखा कमी दिसू शकतो. म्हणून सोबत अॅनिसिडिनचा आकडाही मागायचा, तो नंतरचा बिघाड दाखवतो. दोन्ही एकत्र वाचले तरच खरं कळतं. प्रयोगशाळेतल्या पोराला हे सांगशील तेव्हा तो तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघेल.

आणि गटातल्या बायकांना माझा निरोप सांग. त्या दुसऱ्या बाटलीचे पैसे दुकानदाराला परत मागा, आणि पुढचं पोतं उघडून हुंगल्याशिवाय एकही रुपया हातावर ठेवू नका.